गणूमामाचा हात

प्रकाशने बॅटरी आडवी धरली, पाइपच्या पोटाला जवळजवळ टेकवलीच, आणि जोडावरून उजेड हळूहळू सरकवत नेला. एकदा नेला, दोनदा नेला. तिसऱ्या खेपेला त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला, आणि मग बॅटरी बंद करून तो नुसताच टेबलावरच्या त्या पाइपच्या तुकड्याकडे बघत बसला.

जोडात खोट नव्हती. खोट असती तर बरं झालं असतं. नापासाचा शिक्का मारून तो मोकळा झाला असता. एक्स-रे सकाळीच आला होता आणि तो स्वच्छ होता. वर थिजलेल्या धातूच्या लाटाही एकीला झाकावी अन् दुसरीला काढावी अशा एकसारख्या बसल्या होत्या. भानगड एवढीच होती, की हा जोड गणूमामाचा नव्हता. आणि सोबतच्या फॉर्मवर तर नाव, फोटो, कार्ड नंबर, सगळं गणूमामाचं होतं.

आखातातल्या हमरियाच्या त्या यार्डात प्रकाश अकरा वर्षं वेल्डिंग इन्स्पेक्टर होता. गॅसच्या लाइनींचे पाइप तिथे जोडले जात आणि शेजारच्याच बंदरातून जहाजावर चढत. दिवसाला पाच-सहा मोठे जोड त्याच्या डोळ्यांखालून जायचे. अक्षरावरून मास्तर जसा पोरगा ओळखतो, तसा प्रकाश जोडावरून वेल्डर ओळखायचा. याला यार्डातले लोक ‘हात ओळखणं’ म्हणत. प्रकाशला या गोष्टीचा थोडा तोरा होता, आणि का नसावा?

गणूमामाचा हात तर तो झोपेतून उठवलं तरी सांगू शकला असता. गणूमामा पाइपच्या तळाशी, घड्याळात सहा वाजतात तिथे, बरोबर मध्यावर कधीच सुरुवात करत नसे. एक बोटभर डावीकडे सरकून करायचा. उजव्या हाताने काम करणारे बहुतेक तसंच करतात, पण याचं ते बोटभर अंतर म्हणजे बोटभरच. टेबलावरच्या तुकड्यात सुरुवात होती एक बोटभर उजवीकडे, आणि लाटांचा कलही उलटा. म्हणजे काम डावखुऱ्याचं. आणि गणूमामा जेवतो उजव्याने, सही करतो उजव्याने, प्रकाशच्या डोळ्यांदेखत अकरा वर्षं वेल्डिंग केलं तेही उजव्यानेच.

सर्टिफिकेटच्या नूतनीकरणाची ही परीक्षा मंगळवारी झाली होती. गणूमामा सत्तावन्न वर्षांचा. हे सर्टिफिकेट मिळालं तर आणखी दोन वर्षं नोकरी, नाही मिळालं तर व्हिसा रद्द आणि घरी. परीक्षा घ्यायला बाहेरच्या एजन्सीचा रिझवान आला होता. त्याने कार्ड बघितलं, चेहरा बघितला, फोटो काढला आणि तो दुसऱ्या शेडमध्ये गेला. पुढे लक्ष ठेवायचं काम प्रकाशचं. लाल प्लास्टिकच्या पडद्याआड, अंगात निळा डगला, तोंडावर काळ्या काचेचं हेल्मेट, हातात कातडी मोजे. असा माणूस एकदा आत बसला की त्याला त्याची बायकोसुद्धा ओळखणार नाही. आणि नेमका त्याच वेळी प्रकाश पाव तास बाहेर गेला होता. मुलीची, ओवीची, स्कूल बस आली नाही म्हणून बायकोचा, अनुपमाचा, फोन होता.

माणूस बदलायला कितीसा वेळ लागतो?

केबिनच्या भिंतीवर कंपनीचं परिपत्रक तीन भाषांत लावलेलं होतं. दुसऱ्याच्या नावाने परीक्षा देणं आणि दुसऱ्याला आपल्या नावाने बसवणं, दोन्ही गुन्हे. कंपनी थेट पोलिसांना कळवेल. परिपत्रक निघण्याचं कारणही सगळ्यांना माहीत होतं. गेल्या वर्षी पलीकडच्या एका यार्डात दोन पोरांनी हाच उद्योग केला होता. पोलीस ठाणं, कोर्ट, तुरुंग आणि मग थेट विमान. परत या देशात पाऊल टाकायचं नाही. ज्या इन्स्पेक्टरने सही केली होती, तोही सहा महिने चौकशीत झिजला.

"प्रकाशभाई, साइन कर दो ना," रिझवानने दारातून डोकं आत घातलं. "कल दोपहर तक पेपर क्लायंट को भेजना है."

"कल सुबह करता हूँ."

"कोई प्रॉब्लम है क्या? एक्स-रे तो दूध जैसा साफ है."

"नहीं, नहीं. बस एक बार और देख लूँ."

"देखो, देखो. लेकिन बारह बजे मतलब बारह बजे. उसके बाद खलास." रिझवान हसत निघून गेला.

प्रकाशने तो तुकडा ड्रॉवरमध्ये ठेवला आणि कुलूप लावलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली होती. कळवावं तर गणूमामा तुरुंगात. न कळवता सही करावी तर उद्या तोच गुन्हा आपल्या माथी. आणि सगळ्यात जास्त त्याला राग आला होता तो याचा, की असं गणूमामाने करावं? दुसरा कुणी असता तर एवढं लागलं नसतं.

घरी अनुपमा डायनिंग टेबलाशी कोथिंबीर निवडत बसली होती. नवऱ्याचा चेहरा बघून तिने पाण्याचा ग्लास आधी पुढे केला आणि मग विचारलं. पंधरा वर्षांच्या संसारात तिने एवढं कमावलं होतं. प्रकाशने सगळं सांगितलं.

"गणूमामा? ते आपल्याला गावाहून कोकमाचं आगळ आणून देतात ते?"

"तेच."

"पण या वर्षी कुठे आणलं? गणपतीला गेलेच नाहीत ना ते."

प्रकाश थांबला. ही गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती. गणूमामा संगमेश्वरकडचा. बाकी वर्षभर ओव्हरटाइम करेल, ईदच्या सुट्टीतही कामावर येईल, पण गणपतीची रजा त्याने कधी सोडली नव्हती. एका वर्षी मॅनेजर रजा देईना, तर ‘नोकरी ठेवा तुमच्याजवळ’ म्हणून बॅग भरायला निघाला होता.

"कोकणातला माणूस गणपतीला गेला नाही," अनुपमा म्हणाली, "म्हणजे एक तर तो आजारी आहे, नाही तर काही तरी लपवतोय."

"लपवतोय. ड्रॉवरमध्येच आहे ते."

"तू विचारलंस त्यांना?"

"काय विचारू? मामा, तुम्ही फसवलंत का, असं?"

"हो, असंच. तुझा डोळा चांगला आहे हे मला माहीत आहे. पण उगीच चोर सोडून संन्याशाला सुळी नको. आधी विचार, मग काय लिहायचं ते लिही."

ओवी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "बाबा, इज समवन गोइंग टू जेल?"

"नाही गं," प्रकाश म्हणाला. "तू अभ्यास कर."

"आय अ‍ॅम डुइंग इट."

सकाळी साडेसहाला यार्डात शिरताच प्रकाशने आधी गेटवरचं रजिस्टर मागवलं. यार्डात डावखुरा वेल्डर एकच होता, तुतिकोरीनचा विघ्नेश. त्यानेच हे केलं असणार, हे प्रकाशने रात्रीच ठरवून टाकलं होतं. रजिस्टरने त्याला तोंडघशी पाडलं. विघ्नेश सोमवारपासून जबल अलीच्या साइटवर होता, कंपनीच्या बसने जात-येत होता आणि मंगळवारी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा त्याची तिथली हजेरी लागलेली होती.

मग पडद्याआड बसलं कोण? प्रकाशला काही सुधरेना. त्याने ऑफिसबॉयला गणूमामाला बोलवायला पाठवलं.

गणूमामा आला तो हेल्मेट काखेत धरून. बुटका, काटक माणूस. दाढीचे पांढरे खुंट, मानेवर ठिणग्यांचे जुने डाग. प्रकाशने दार लावून घेतलं, ड्रॉवरमधून तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला.

"बसा मामा. हे कुणाचं काम?"

"माझंच साहेब. मंगळवारचं."

"मामा, मी लहान आहे तुमच्याहून. पण अकरा वर्षं तुमचा हात बघतोय. हा तुमचा हात नाही."

गणूमामाने तुकडा डोळ्यांजवळ नेला, फिरवून बघितला आणि परत ठेवला.

"हात माझाच हाय."

"मामा, मला बारापर्यंत सही करायचीय. खोटं निघालं तर तुम्ही आत जाल, आणि तुमच्यासाठी जो बसला तोही. ही काय आपली वाडी नाही, सरपंचाला सांगून मिटवायला. कोण बसलं होतं ते आता सांगितलंत तर—"

"कोन बसणार? मी बसलो." गणूमामाचा आवाज चढला, मग लगेच खाली आला. "साहेब, मी खोटा माणूस बसवून परीक्षा दीन? माझी आयशी वर बसून थुकंल माझ्या तोंडावर."

"मग हे उलटं कसं?"

गणूमामाने उजवा हात टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे पालथा पडू दिला. मग त्याने बोटं मिटायचा प्रयत्न केला. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं थरथरत अर्ध्यावर आली आणि तिथेच राहिली.

"शिमग्यापासनं असा झालाय," तो म्हणाला. "मनगटातली शीर दबलीय बोल्तो डॉक्टर. रॉडचा होल्डर धरला की पाच मिनिटांत बोटं मरतात. मंग हा काढला." त्याने डावा हात वर केला.

"काढला म्हणजे?"

"मी जन्माचा डावरा, साहेब." गणूमामा पहिल्यांदा हसला. "आमची आयशी, ठकुबाई, ती जेवायला वाढायच्या आदी माझा डावा हात करदोड्याला फडक्यानं बांधून टाकायची. डाव्यानं जेवलास तर देव कोपंल बोलायची. साळंत गेलो तर मास्तर तिच्या वरचा. डाव्यात पेन्शिल दिसली की पट्टी. तिसरीपर्यंत मी उजवा झालो. मंग विसरलोच की, आपल्याला एक हात आनखी हाय."

"आणि वेल्डिंग? या वयात?"

"दुपारची सुट्टी हाय ना, साडेबारा ते तीन. इकडच्या उन्हाळ्याचे तीन म्हयने, जूनपासनं. सगळी झोपतात. मी मागच्या शेडात भंगारातले पाइप घेऊन बसायचो. पयले पंध्रा दिस रडलो. मंग हाताला आठवाय लागलं. गणपतीला म्हनून तर गेलो नाय. सवय मोडली असती."

प्रकाशने दुसरं हेल्मेट उचललं आणि दार उघडलं.

परीक्षेच्या बूथमध्ये कुणी नव्हतं. गणूमामाने भंगारातला एक पाइप तिरका अडकवला, डाव्या हातात होल्डर घेतला, उजव्या हाताचं कोपर नुसतं आधाराला टेकवलं आणि मान हलवून हेल्मेट खाली पाडलं. प्रकाशनेही काळी काच खाली केली. अंधार झाला आणि मग त्या अंधारात, पाइपच्या तळाशी, सहाच्या एक बोटभर उजवीकडे, उजेडाचा ठिपका पेटला.

प्रकाश पाहत राहिला. घाई नाही, थरथर नाही. सत्तावन्न वर्षांच्या माणसाने पन्नास वर्षं बांधून ठेवलेला हात उलगडावा आणि त्याने असं काम करावं! सहापासून नऊपर्यंत ठिपका चढला तेव्हाच प्रकाशची खात्री पटली होती, तरी त्याने ठिपका पाइपच्या माथ्यावर, बारापर्यंत जाऊ दिला, कारण त्याला ते बघायचंच होतं. रॉड संपला. दोघांनी काचा वर केल्या. प्रकाशला इतका आनंद झाला होता, की त्याने त्या घामट डगल्यासकट गणूमामाला मिठीच मारली.

"मामा, काय जीव टांगणीला लावला होतात! रात्रभर झोपलो नाही मी. आधी सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तुमी परीक्षेला बसवलं नसतं. हात गेलेला म्हातारा बोलून घरी धाडलं असतं."

"धाडलं असतं," प्रकाशने कबूल केलं. "तुम्ही पण कमाल केलीत. म्हणजे शिमग्यापासून उजवा हात बंद, परीक्षा आता सप्टेंबरात, आणि मधले सहा महिने तुम्ही यार्डात..."

बोलता बोलता तो थांबला. हसू तोंडावर तसंच राहिलं होतं. ते काढून घ्यायचं त्याला सुचलं नाही.

मधल्या सहा महिन्यांत बेचाळीस नंबरचे जोड त्याने स्वतः तपासले होते. प्रत्येक वेल्डर आपल्या जोडाशेजारी पाइपवर आपला नंबर घालतो, आणि बेचाळीस म्हणजे गणूमामा. सगळ्या जोडांची सुरुवात सहाच्या बोटभर डावीकडे होती. उजव्या हाताची. मे महिन्यात तर प्रकाशने सगळ्यांदेखत म्हटलं होतं, की मामा, वय वाढतंय तसा तुमचा हात गोड होत चाललाय.

"मामा, ते जोड कुणी केले?"

गणूमामाने हेल्मेट काढून खाली ठेवलं.

"सुदेशनं."

सुदेश गणूमामाच्या वाडीतला. देवरुखच्या ग्रिलच्या दुकानात गणूमामाने त्याला पोरवयात हाताशी धरलं, आणि पुढे इथे आणलं तेही त्यानेच. यार्डात तो गणूमामाचा मदतनीस होता. घासायचं, पाइप धरायचा. त्याच्याकडे साध्या पत्र्याच्या वेल्डिंगचं सर्टिफिकेट होतं. गॅसच्या पाइपला हात लावायची त्याला परवानगी नव्हती.

"दोगंही पडद्याआड. दोगांचे डगले निळे," गणूमामा म्हणाला. "तो करायचा, मी पाइप धरायचो. नंबर माझा घालायचो. माझा हात बरा होईल, मंग बरा होईल, असं करत एकतीस जोड झाले. कंचे कंचे ते मला पाठ हायत."

"मला का कळलं नाही?" प्रकाशच्या तोंडून आधी निघालं ते हे. त्याचं त्यालाच लाजल्यासारखं झालं.

"कसं कळंल? मीच शिकवलाय त्याला. माझाच हात हाय तो."

केबिनमध्ये येऊन प्रकाश खुर्चीत बसला. खऱ्यावर संशय घेऊन तो रात्रभर तळमळला होता, आणि खोट्याला सहा महिने शाबासकी देत होता. एकतीस जोड. त्यातल्या तीन-चारांचाच एक्स-रे झाला असेल. बाकीच्यांचा एक्स-रे म्हणजे प्रकाशचा डोळा. पुढच्या आठवड्यात ते पाइप जहाजावर चढणार होते, आणि मग त्यांच्यातून गॅस वाहणार होता. गप्प बसणं शक्यच नव्हतं. पण गप्प न बसण्याचे प्रकार असतात. प्रकाशने तो प्रकार शोधला तेव्हा घड्याळात नऊ वाजले होते.

"मामा, ऐका. मी असं लिहितो, की नंबर नोंदवताना माझी चूक झाली. या जोडांचे नंबर माझ्या हातून उलटसुलट झाले. एकतीसच्या एकतीस जोड परत एक्स-रेला पाठवतो. खराब निघतील ते कापू. मला वॉर्निंग मिळेल, फार तर बोनस जाईल. पोलिसांपर्यंत काही जाणार नाही."

गणूमामा उभाच होता.

"तुमची चूक झाली नाय पण."

"ती मी बघतो ना!"

"नको साहेब." तो अगदी शांतपणे म्हणाला. "दुसऱ्याचं काम माझ्या नावावर चढलं, तेवढं पुरं झालं. आता माझा गुन्हा तुमच्या नावावर नको."

"अहो, पण मामा, कळतंय का तुम्हाला? यात अटक होऊ शकते. घरी तुमच्या लेकीचं, ममताचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष. तिला काय सांगाल?"

"तिला हेच सांगेन. मंगळवारी मी पास झालो, ते खरं हाय ना? मंग तेवढ्यावर सही करा. बाकी काय घडलं ते मी बोल्तो, तुमी लिवा."

दारावर टकटक झाली. सुदेश होता. मामाला केबिनमध्ये इतका वेळ का ठेवलंय, ते त्याला न सांगताच उमगलं असावं. पंचविशीतला तो उंच गडी दारात मान खाली घालून उभा राहिला.

"साहेब, माझंपन नाव लिहा. मामा नको बोल्ले होते. मीच हट्ट केला. बोल्लो, जाऊंदे, कोन बघतंय."

कोण बघतंय! प्रकाशला ते वाक्य लागायला हवं तिथे बरोबर लागलं. त्याने कागद पुढे ओढला.

लिहायला तास गेला. गणूमामाने एकेका जोडाचा नंबर सांगितला, तारखेसकट. सुदेशने एकदोन ठिकाणी दुरुस्ती केली. प्रकाश इंग्रजीत लिहीत होता आणि परत मराठीत वाचून दाखवत होता. नावाच्या जागी आला तेव्हा गणूमामा म्हणाला, "पूर्न लिवा. गणू सोनू धनावडे." सगळं झाल्यावर प्रकाशने मंगळवारच्या परीक्षेच्या सर्टिफिकेटवर आधी स्वतःची सही केली आणि मग रिझवानला फोन लावला.

रिझवान आला, खुर्ची ओढून बसला आणि त्याने तो कागद दोनदा वाचला. कालचं हसू त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"ये तो ऊपर जाएगा, प्रकाशभाई. मेरे हाथ में कुछ नहीं है. आगे कंपनी जाने, पुलिस जाने." मग त्याने गणूमामाकडे बघितलं. "मामा, सोचके दिया है ना?"

"सोचकेच दिया," गणूमामा म्हणाला.

सुदेशने सही केली. गणूमामाने पेन उजव्या हातात घेतलं. सकाळपासूनच्या दगदगीने तो हात पार झोपला होता. पेन बोटांतून घसरून टेबलावर पडलं, गडगडत खाली गेलं. सुदेशने ते उचलून दिलं. परत पडलं.

"अंगूठा लगा दो मामा," रिझवान म्हणाला. "चलता है."

"अंगठा कशाला? मी सातवी पास हाय."

त्याने पेन डाव्या हातात घेतलं. कागद आपल्याकडे तिरका केला, जीभ दातांत धरली आणि एकेक अक्षर काढत सही केली. बराच वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

रिझवानने फाइलमधली पासपोर्टची प्रत काढली आणि शेजारी धरली. तो या कागदाकडून त्या कागदाकडे बघत राहिला. शेवटी त्याने दोन्ही प्रकाशपुढे सरकवले.

"ये तो बिलकुल मैच नहीं करता. कल को ऑफिसर पूछेगा, ये साइन किसने किया? बोलेंगे, किसी और ने इसके नाम से कर दिया. उलटा एक केस और."

प्रकाशने बघितलं. एकीकडे पासपोर्टवरची उजव्या हाताची सरावलेली, वळणदार सही. दुसरीकडे पहिलीतल्या मुलाने काढावीत तशी सुटी सुटी अक्षरं. कुणीही सांगितलं असतं, की ही दोन माणसं आहेत.

त्याने पेन घेतलं. त्या अक्षरांखाली लिहिलं, की ही सही गणू सोनू धनावडे यांनीच, डाव्या हाताने, माझ्या डोळ्यांदेखत केली आहे. खाली आपलं नाव लिहिलं, सही केली, तारीख आणि वेळ घातली.

"सोच लो," रिझवान हळू आवाजात म्हणाला. "पुलिस बुलाएगी तो तुमको भी खड़ा रहना पड़ेगा."

"रहूँगा."

रिझवानने कागद घ्यायला हात पुढे केला, पण गणूमामाने तो मधेच थांबवला. वाकून तो आपल्या सहीकडे बघत होता.

"साहेब, बरी आलीय का ओ?" त्याने विचारलं. "डाव्यानं पयल्यांदाच केली."

"ओळ जरा चढलीय मामा," प्रकाश म्हणाला. "पण तुमचीच आहे."